लोकरीचा बाजार

आपल्याकडे दुकानात जाऊन 'लोकर दाखवा' म्हटलं की काउंटरवर जे रंगीत गुंडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा मेंढीशी काही संबंध नसतो. ते अ‍ॅक्रिलिक असतं, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. तो स्वस्त असतो, धुतला तर आटत नाही, त्याला कसर लागत नाही. मी त्याला नावं ठेवणार नाही. शाळेतल्या विणकामाच्या तासापासून शेजारणीच्या बाळाच्या टोपड्यापर्यंत माझ्या पिढीच्या बायकांनी जे काही विणलं, ते बहुतेक याच धाग्यावर. त्याला आपण लोकर म्हणत राहिलो, इतकंच.

खऱ्या लोकरीचा बाजार मी पाहिला तो अमेरिकेत, मुलीकडे गेले होते तेव्हा. मेरीलँड राज्यात वेस्ट फ्रेंडशिप नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जत्रेच्या मैदानावर मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी 'मेरीलँड शीप अँड वुल फेस्टिव्हल' भरतो. १९७०च्या दशकापासून तिथल्या मेंढ्या पाळणाऱ्यांची संघटना तो भरवते. मुलीला दिवस गेले होते, बाळासाठी काही विणायचं होतं. ती म्हणाली, "अम्मी, इथली लोकर घेऊन विण."

मैदानात शिरताच पहिला आला तो वास. पावसात भिजलेल्या घोंगडीला येतो ना, तोच. गोठ्यांत मेंढ्या, मंडपांत दुकानं, मध्ये कुत्री मेंढ्या कशा वळवतात त्याचा खेळ. एका गोठ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, चार शिंगांची मेंढी होती. तिच्या जातीचं नाव जेकब, म्हणजे आमचे हजरत याकूब. पैगंबरांचं नाव मिरवणारी ती बया निवांत रवंथ करत होती. आणि जिवंत मेंढीचं कौतुक करून बाहेर आलं की दहा पावलांवर तिच्याच मांसाचे सँडविच! लोक तेही तितक्याच प्रेमाने खात होते. हलालचा प्रश्न असल्यामुळे आम्ही मायलेकींनी बटाट्याच्या काचऱ्यांवर भागवलं.

सगळ्यात रमले ती कच्च्या लोकरीच्या मंडपात. एका मेंढीची एका वेळची सगळी लोकर गुंडाळून पारदर्शक पिशवीत ठेवलेली. वर चिठ्ठी, तिच्यावर जात, वजन आणि मालकाचं नाव. बायका पिशवी उघडून एक बट काढत, कानाजवळ धरत आणि दोन्ही हातांनी झटका देत. खणखणीत आवाज आला तर धागा मजबूत. कुरकुरला तर मेंढी आजारी पडली असणार किंवा उपाशी राहिली असणार, त्या काळातली लोकर तिथे तुटते. मेंढीचं वर्षभराचं सुखदुःख बटेत ऐकू येतं, हे मला नवीन होतं. पलीकडे शालीची स्पर्धा चालली होती. चरख्यावर सूत काढायचं, मागावर घालायचं आणि तीन तासांत शाल उतरवायची. नंतर तिचा लिलाव.

मग सुया. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं. आपली दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, त्यांची दहा नंबरची सहा मिलिमीटरची, जवळपास दुप्पट. म्हणून मी मिलिमीटरच सांगितले. दुकानदाराने रंगीत लाकडाच्या सुंदर सुया पुढे केल्या. डबीवर पाहिलं तर 'मेड इन इंडिया'! आमच्या गावच्या दुकानात त्या मी कधी पाहिल्या नाहीत. विणण्याची कला साहेबाने आणली असं आपण समजतो. पण स्पेनमधल्या बुर्गोसच्या मठात, १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या कबरीत रेशमाच्या विणलेल्या उश्या सापडल्या आणि त्यांच्यावर कूफी वळणाची अरबी अक्षरं आहेत. त्या मुसलमान कारागिरांच्या हातच्या समजल्या जातात. दोन सुया हातात घेताना हे आठवलं की जरा ऐट वाटते, खोटं कशाला बोलू.

धागा मी एका वयस्क बाईंकडून घेतला. मऊ, दुधी रंगाचा. एका लडीचे २८ डॉलर, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास रुपये. एवढे का, असं मी स्पष्टच विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, व्यापाऱ्याला कच्ची लोकर विकली तर मेंढी कातरण्याची मजुरीसुद्धा निघत नाही. म्हणून त्या छोट्या गिरणीतून सूत कातून घेतात आणि इथे स्वतः विकायला बसतात. बाजाराने टाकलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून ही जत्रा, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

कारण हीच गोष्ट मी आमच्या सांगोला-जत भागात ऐकत आले आहे. आपली दख्खनी मेंढी काळी, तिची लोकर राठ. कातरणीची मजुरी धनगराने द्यायची आणि लोकर पुष्कळदा रानातच टाकून यायची. जतकडची माडग्याळ मेंढी मटणासाठीच नावाजलेली, अंगावर लोकर थोडी. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली, तीही मटणासाठी. मेंढपाळाला त्याचा फायदाच आहे, तक्रार नाही. पण खड्डामागावर बसणारा सनगर, चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी, यांचं काय?

त्या बाईंना मी आमच्या लोकरीबद्दल सांगितलं. तिथे गिऱ्हाईक लड गळ्याला घासून बघतं, टोचते का ते. आमची नक्कीच टोचेल. 'सूफी' हा शब्द 'सूफ' म्हणजे लोकर यावरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. फकिरांच्या अंगावरची ती लोकरही टोचणारीच असणार. बाई उठल्या, मला दोन दुकानं पलीकडे घेऊन गेल्या. तिथे राठ लोकरीचे गालिचे, चपला, पिशव्या. "अंगावर नको तर पायाखाली घ्या," म्हणाल्या.

परत आल्यावर ओळखीच्या धनगराकडून पोतंभर लोकर मागितली. त्याला पैसे घ्यायचेच नव्हते. मी कातरणीची मजुरी त्याच्या हातावर ठेवली. त्याच्या आईला अजून सूत काढता येतं. तिला तिथल्या एका लडीचा भाव सांगितला, तर म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आगं बया, तेवढ्यात आमचं आख्खं घोंगडं हुतंय की!" मग जरा थांबून तिने किलोमागे स्वतःचा दर सांगितला. मी घासाघीस केली नाही.