शनवार तेली आणि आपण
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात पनवेल येथे केलेले भाषण)



माणसाची ओळख आणि त्यास लावलेली नावे, असा विषय आम्हांस देण्यात आला आहे. जातीच्या नावाने भरलेल्या सभेत असा विषय देणाऱ्या चिटणिसांचे धाडस मोठे! परंतु आरंभ आपल्या ज्ञातीपासून न करता गावातील शेजाऱ्यांपासून करतो.

पनवेलचे बेथेल सिनेगॉग आपणां सर्वांस ठाऊक आहे. बेने इस्रायल समाजास पूर्वी कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत 'शनवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा चालवितात म्हणून तेली, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार. व्यवहारास याहून नेटके नाव कोणते? तेल कोठे मिळेल आणि कोणत्या दिवशी मिळणार नाही, दोन्ही गोष्टी दोन शब्दांत कळत. मात्र घाणा का थांबतो, हे त्या नावात नव्हते. शनिवारचा विसावा हा त्यांच्या धर्माचा गाभा. गिऱ्हाइकाच्या लेखी ती केवळ दुकानाची सुटी. मंडळी घरी मराठी बोलत आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे लावीत.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. येथे जे धर्मामुळे निराळे, ते तेथे 'हिंदी' ठरले. इतकेच नव्हे, तर विवाहाच्या वेळी तेथील धर्मपीठ त्यांच्या यहुदी वंशाची चौकशी करू लागले. त्याविरुद्ध त्यांनी चळवळ केली, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. मुलामुलींची लग्ने अडली होती. हे नाव त्यांस शोभेकरिता नको होते. आणि तरीही त्याच मंडळींनी त्या देशात 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले!

नाव हे हक्काचे साधन असते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातील ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. 'प्रकल्पग्रस्त' या शब्दाची एवढी किंमत मोजलेली असता त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु एकदा वर्गात एका मुलास "तू कोण रे?" असे विचारले असता तो चटकन "प्रकल्पग्रस्त" म्हणाला. त्याच्या घरचे शेत त्याच्या जन्मापूर्वीच गेले होते. पुढे सहलीच्या वेळी खाडीकाठी त्याने आम्हांस माशांची इतकी नावे सांगितली की, आम्ही वहीत उतरून घेतली. वर्षभर आम्ही त्याच्याविषयी हजेरीपटापलीकडे काही जाणून घेतले नव्हते.

आता आपल्या घरचे. २०२७ च्या जनगणनेत जात नोंदविण्याचे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले. तो रकाना प्रत्येकाने बिनचूक भरावा. शाळेच्या जनरल रजिस्टरात झालेली लहानशी ढिलाई तीस वर्षांनी जातपडताळणीच्या वेळी कशी आडवी येते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. लाज वाटून जात लपविणे आणि अभिमानाने ती मिरविणे, दोन्ही आम्हांस सारखीच पोरकट वाटतात. जेथे हक्क मागावयाचा, तेथे नाव स्पष्ट सांगावे.

परंतु आपल्या संघाच्या वधूवर परिचयपत्रात 'पोटजात' असा आणखी एक रकाना आहे. त्याने कोणता हक्क मिळतो? आमच्या एका हुशार विद्यार्थिनीचे ठरत आलेले लग्न त्या एका रकान्यावर मोडले. मुलाकडच्यांनी तिचे शिक्षण वाचलेच नाही. रकाना वर होता, शिक्षण खाली. ते परिचयपत्र आम्हीच स्वहस्ते भरून दिले होते. तो रकाना पुढील वर्षीच्या पुस्तकातून काढावा, अशी लेखी सूचना आम्ही आज कार्यकारी मंडळाकडे दिली आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी चहापानानंतर अवश्य भेटावे. आम्ही मागच्या ओसरीवर बसलेले असू.