पाठमोऱ्या खेळाडूला ऐकवलेला शब्द

प्रतिस्पर्ध्याला डिवचणं हा मैदानावरचा जुना, बिनभांडवली धंदा आहे. समोरच्याचं डोकं फिरलं की नफा. नाही फिरलं तरी खिशाला झळ नाही. तासन् तास खेळपट्टीवर ठाण मांडणारे सुनील गावसकरही यातून सुटले नाहीत.

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. तीन कसोटींच्या मालिकेत भारत ०-१ असा मागे. दुसऱ्या डावात गावसकर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली. गावसकर ७० वर असताना डेनिस लिलीचा चेंडू पॅडवर आदळला आणि पंच रेक्स व्हाइटहेड यांनी बोट वर केलं. चेंडू आधी बॅटला लागला, असं गावसकरांचं म्हणणं. लिली पुढे येऊन त्यांच्या पॅडकडे बोट दाखवू लागला. तरी कर्णधार गावसकर अखेर तंबूकडे निघाले होते. तेवढ्यात मागून अपशब्द कानावर आले. ते फिरले आणि चौहानलाही घेऊन चालू लागले. दोघंही बाहेर गेले असते, तर भारताने सामनाच सोडून दिला असं ठरण्याचा धोका होता.

सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुर्राणी आडवे आले. गावसकर आत गेले. चौहानला मात्र दुर्राणींनी परत खेळपट्टीवर धाडलं. पुढे १४३ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद झाली. दुखऱ्या मांडीनिशी कपिलदेवने २८ धावांत ५ बळी घेतले आणि मालिका १-१ अशी सुटली. गावसकरांनी नंतर त्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला. पण पायचीतच्या निर्णयापेक्षा त्या अपशब्दांनी माथं भडकलं, हेही सांगितलं.

९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये फ्रान्सचा झिनेदिन झिदानही असाच पुढे निघाला होता.

फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत, जादा वेळेतलं ११०वं मिनिट, फ्रान्स-इटली १-१. इटलीच्या मार्को मातेराझीने आधी त्याची जर्सी ओढली, मग त्याच्या बहिणीवरून गलिच्छ शब्द काढले. झिदान वळला आणि त्याने मातेराझीच्या छातीत डोकं हाणलं. कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात लाल कार्ड! मातेराझी मैदानावर राहिला, पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने गोलही केला आणि इटली ५-३ ने जिंकली. फिफाने नंतर दोघांनाही दंड ठोठावला: झिदानला साडेसात हजार स्विस फ्रँक, मातेराझीला पाच हजार. विश्वचषक तोवर रोमला पोहोचला होता.

बंगळूरमध्ये, ९ मार्च १९९६ला, क्रिकेटच्या भारत-पाकिस्तान सामन्यात पाकिस्तानच्या आमिर सोहेलने व्यंकटेश प्रसादला चौकार मारून बॅटने सीमारेषेकडे बोट केल्यासारखी खूण केली. प्रसादकडे उत्तर द्यायला पुढचा चेंडू होता, आणि तो टाकण्याआधी रनअपच्या टोकापर्यंत चालत जाणं भागच होतं. त्या चेंडूवर सोहेलचा त्रिफळा उडाला. पाकिस्तान ३९ धावांनी हरलं. संताप प्रसादलाही आला होता. सोहेलला निरोप देताना त्याची जीभ सैल सुटलीच.

मेलबर्नला दुर्राणी होते, बंगळूरला रनअप होता. बर्लिनला वळणं आणि धडक यांच्यामध्ये काहीच नव्हतं. खेळाडूंना ‘शांत राहा’ असं बजावणारे प्रशिक्षक पुष्कळ असतात. त्याऐवजी कुणाचं डोकं तापलं की त्याच्याजवळ सर्वांत आधी कुणी धावायचं, ही जबाबदारी सरावातच नेमून द्यायला हवी, क्षेत्ररक्षणाच्या जागा नेमतात तितक्या काटेकोरपणे.