थेंबे थेंबे : भाड्याच्या घरांची निगा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, उद्योगधंदे अशा थोर विषयांवरील भाषणे आपण ऐकली. त्या मानाने आमचा विषय अगदीच घरगुती आहे. भाड्याने दिलेल्या घरांच्या दुरुस्तीचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. परंतु आपल्या ज्ञातीत अशी कितीतरी कुटुंबे आहेत की, ज्यांचा चरितार्थ दोन-तीन खोल्यांच्या भाड्यावर चालतो. एखाद्या वृद्ध भगिनीस ते भाडे म्हणजेच पेन्शन होय. अशा घरावर एकाएकी 50,000 रुपयांची दुरुस्ती कोसळली, तर कर्ज काढल्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून हा विषय क्षुद्र मानू नये, अशी प्रार्थना आहे.

प्रारंभीच आमचे म्हणणे सांगून टाकतो. दुरुस्तीचा खर्च कमी करावयाचा, तर दुरुस्ती टाळून भागत नाही. ती लवकर करावी लागते. हे ज्ञान आम्हांस ग्रंथांतून लाभले नाही. दंड भरून लाभले.

साताऱ्यास आमच्या वडिलार्जित घराच्या मागील अंगास पाच खोल्यांची कौलारू चाळ आहे. 2011 सालच्या उन्हाळ्यात पन्हळीचा एक सांधा गंजून सुटला. भाडेकरूंनी दोनदा येऊन सांगितले. कारागिराने 1,800 रुपये मागितले. आम्ही मनाशी म्हटले, ‘दिवाळीनंतर पाहू.’ पावसाळाभर पन्हळीचे पाणी मागच्या भिंतीवर पडत राहिले. भिंत दगडमातीची, ती आतून भिजली, वळचणीचे वासे कुजले आणि श्रावणात एके दुपारी भिंतीचा मोठा भाग खचला. त्याच भिंतीलगत भाडेकरूंचा मुलगा रात्री अभ्यासास बसत असे. भिंत दुपारी पडली आणि मुलगा शाळेत होता, ही परमेश्वराची कृपा. भाडेकरू रागे भरले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, आम्ही जेष्ठातच सांगितले होते.” आम्ही जन्मभर मुलांना वेळेचे महत्त्व शिकविले, त्या एका वाक्याने आमचीच परीक्षा झाली. भिंत व छप्पर मिळून 64,000 रुपये लागले. 1,800 वाचविण्यास गेलो, त्याचे हे फळ!

या अनुभवानंतर आम्ही घराकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो, तेव्हा ध्यानी आले की घराचा खरा शत्रू पाणी होय. कौलारू घरात ते वासे कुजविते. सिमेंटच्या इमारतीत ते आतील लोखंडी सळईपर्यंत पोहोचते. लोखंड गंजले म्हणजे तो गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. वरून नुसता गिलावा थापला, तर वर्षा-दोन वर्षांत तोही गळून पडतो. भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप आज दोन बोटांनी उपटता येते. पाच वर्षांनी त्यासाठी भिंत फोडावी लागते.

नळाच्या गळतीचा हिशेब तर शाळेतील मुलासही करता येईल. 20 थेंबांचा सुमारे 1 मिलिलिटर होतो. सेकंदास एक थेंब पडला, तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे 4 लिटरांहून अधिक पाणी, आणि वर्षाचे 1,500 लिटरांहून अधिक. पाण्याचा पैसा जातो तो जातोच; परंतु त्या ओलीने मोरीखालची भिंत पोखरली जाते, ते नुकसान कितीतरी मोठे असते.

आमचे वाडवडील पावसाळ्यापूर्वी घर शाकारीत. घरात कितीही ओढग्रस्त असो, मृगापूर्वी कौले चाळून फुटकी बदलली जात. ही रीत शहरातील गच्चीच्या घरांसही तितकीच लागू आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आम्ही वही घेऊन प्रत्येक खोलीपुढे उभे राहतो. पन्हळ व पावसाळी नळ साफ आहेत काय, गच्चीवर पाणी साचते काय, कठड्याच्या सांध्यास भेग आहे काय, टाकीचा तरंगता गोळा नीट काम करतो काय, मोरीतील फरशीच्या सांध्यांतील सिमेंट निघाले आहे काय, एवढे पाहून तारीख, काम व खर्च टिपून ठेवतो. सदनिका भाड्याने देणाऱ्या बांधवांनी मोरीच्या फरशीकडे विशेष लक्ष द्यावे. तेथील ओल खालच्या बिऱ्हाडात उतरली म्हणजे दोन घरांचा खर्च आणि एका शेजाऱ्याचा वैरभाव पदरी पडतो. वहीचा आणखी एक लाभ असा की, एकाच नळासाठी वर्षातून तीनदा कारागीर बोलाविला, हे तीत दिसते. मग कळते की, चौथ्यांदा डागडुजी करण्यापेक्षा पितळी नळ नवा बसविणेच स्वस्त.

दुसरी गोष्ट भाडेकरूंसंबंधी. पुष्कळ घरमालकांस तक्रार ऐकली की कपाळावर आठ्या पडतात. मग भाडेकरू गळती सांगेनासा होतो आणि ती भिंतीतच मुरते. वास्तविक तक्रार म्हणजे फुकट झालेली तपासणी होय. आम्ही आता बिऱ्हाडकरूस पहिल्याच दिवशी सांगतो की, ओल दिसली तर त्याच दिवशी कळवावे. त्याबद्दल कोणी रागावणार नाही. आमच्या चाळीतील एकही बिऱ्हाड आपल्या ज्ञातीचे नाही; परंतु घर स्वतःचे समजून जपणारी ती माणसे आहेत आणि माणूस निवडताना तेवढेच पाहावे. असा भाडेकरू टिकविणे हीच मोठी बचत. खोली एक महिना रिकामी राहिली, तर वर्षाच्या उत्पन्नाचा बारावा हिस्सा बुडाला. शिवाय रंगसफेदी आणि दलाली वेगळीच.

कायद्याचेही थोडे सांगणे अवश्य आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 14 व्या कलमाप्रमाणे, उलट करार नसल्यास जागा राहण्यायोग्य सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. निदान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र तो वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक असू नये. याच कायद्याच्या 55 व्या कलमान्वये करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करारासोबत पंखे, नळ, दारे, खिडक्या यांच्या स्थितीची यादी उभयतांच्या सहीने ठेवावी. जागा सोडताना होणारे निम्मे वाद तेथेच मिटतात.

प्राप्तिकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला नगरपालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या 30 टक्के सूट मिळते. प्रत्यक्ष खर्च कमी असो वा अधिक, ती तेवढीच राहते. तेव्हा नीट निगा राखून जो खर्च वाचविला, तो खरोखर आपलाच. आम्ही दर खोलीचे एका महिन्याचे भाडे दरवर्षी वेगळ्या पासबुकात टाकतो व त्यास घरखर्चासाठी हात लावीत नाही. ज्यांस एवढे जमत नसेल, त्यांनी अर्ध्या महिन्याचे ठेवावे, परंतु ठेवावे.

आता काटकसर कोठे करू नये, तेही सांगतो. विजेच्या तारा, गिझरची जमिनीशी जोडणी आणि वीज झिरपताच प्रवाह तोडणारे 30 मिलिअँपियरचे यंत्र यांत एक पैसाही वाचवू नये. खांब, तुळई यांस भेग दिसली, तर गवंड्याच्या अंदाजावर विसंबू नये; अभियंत्यास दाखवावे. 30 वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी तर करवून घ्यावीच. आपण भाडे घेतो ते केवळ चार भिंतींचे नव्हे. त्या भिंतींच्या आश्रयाने कोणाची तरी मुले निर्धास्त झोपतात, त्या भरवशाचेही घेतो.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आम्ही वर्गात संचयाच्या अर्थाने शिकवीत आलो. ती गळतीसही तितकीच लागू आहे, हे आम्हांस आमच्या पडक्या भिंतीने शिकविले. येत्या मृगापूर्वी प्रत्येकाने एकदा शिडी लावून आपल्या घराची पन्हळ पाहावी, एवढीच विनंती आहे.