मागांच्या गावी स्वागत



पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत आपलं मनःपूर्वक स्वागत. मागांच्या खटखटीनं काल काहींना झोप लागली नाही, असं कानावर आलं. क्षमा असावी, आमची झोप मात्र खटखट थांबली की मोडते!

गावाचा इतिहास सांगायला मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत, हे संयोजकांनाही ठाऊक आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू पंडित बाळकृष्णबुवा आमच्याच गावचं नाव लावत. १८७० पासूनचं आपटे वाचन मंदिर आमचं. १९७४ साली इथे साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष साक्षात पु. ल. देशपांडे! त्या मांडवात पाणी वाढणारा पोरगा आज आपल्यापुढे उभा आहे.

पण माझं खरं दैवत निराळं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ होतं. गावाला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतात, त्याचं मूळ त्या एका मागात आहे. आज शाळकरी पोराला विचारा, दातार कोण? तो पंचांगवाले दाते सांगेल!

आता परिषदेचा विषय. माणसाच्या बेतानं काम आखायचं आणि त्यासाठी कामाची एकेक पायरी उकलून पाहायची, म्हणजे कार्यविश्लेषण करायचं, एवढंच मला समजलं आहे. पण मी वडिलांच्या कारखान्यात वहिफणी, म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या तारा ओवण्याचं काम, पाहत वाढलो. दोघं समोरासमोर बसतात. एक तार पुढे करतो, दुसरा आकड्यानं ती वहीच्या डोळ्यातून ओढून घेतो, मग फणीतून. तारा हजारोंनी. एक चुकली की थानभर रेघ. दिवसभर पाठ वाकलेली, नजर त्या बारीक डोळ्यावर. एका तारेला किती वेळ लागतो, असं मी लहानपणी विचारलं होतं. उत्तर आलं, “वेळ मोजायला गेलो की तार चुकते.”

ज्या मँचेस्टरचं नाव आम्ही मिरवतो, त्याच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांत कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून तार तोंडानं ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी, आणि सुताची धूळ छातीत. ‘कांडी बदलणे’ एवढंच लिहिलं, तर यातलं काही दिसत नाही. पायरी नीट लिहिली की दिसतं. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली संशोधक ए. के. राइस यांनी असंच काम उकलून पाहिलं. तुकड्यातुकड्यांत वाटलेली कामं एकत्र करून त्यांनी ठरावीक माग एकेका टोळीकडे सोपवले. उत्पादन वाढलं, खराबी घटली. आमच्या गावाला असे डोळे हवे आहेत.

व्यवस्थेत उणिवा आहेत. आपण बसलात त्या खुर्च्या लग्नाच्या मांडवातल्या आहेत. या विषयाच्या परिषदेला असल्या खुर्च्या म्हणजे आचाऱ्याच्या घरी करपलेली भाकरी. पण याहून बऱ्या मिळाल्या नाहीत. जेवणाची रांग आणि हात धुवायची जागा आमच्या समितीनं समोरासमोर ठेवली आहे, त्यामुळे धक्काबुक्की होईल. त्याचं कार्यविश्लेषण आपणच करावं. माईक कुरकुरला, पाणी गरम लागलं, तर दोष माझा, कार्यकर्त्यांचा नाही.

आभार किती मानू? नाश्ता सायझिंगवाल्यांचा, दुपारचं जेवण सूत व्यापाऱ्यांचं, पिशव्या आणि पंचे मजुरीवर विणणाऱ्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकांचे, लाडू बचत गटाच्या भगिनींचे. मंदी असूनही एकानंही नकार दिला नाही. ज्यांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलं, त्यांना इथूनच नमस्कार.

एकच विनंती. निबंध वाचून झाले की थेट स्टेशन गाठू नका. उद्या सकाळी साडेसातला दारात बस उभी असेल. वहिफणीवाल्यांशेजारी तासभर जमिनीवर बसा आणि मग आम्हाला सांगा, कुठली पायरी आधी बदलायची.