पडद्यावरून भिंतीवर

(गोंदिया येथे कलारसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



जुन्या चित्रपटांची पोस्टर्स आणि ती रंगविणारे चित्रकार, या विषयावर बोलायचे तर मुंबई किंवा कोल्हापूर ही स्वाभाविक ठिकाणे. मग गोंदिया कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या झाडीपट्टीत आहे. दिवाळी सरते, धान घरात येते आणि अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनीकडच्या गावांतून मंडईची लगबग सुरू होते. रात्र-रात्र नाटके रंगतात. त्या नाटकांमागचे रंगविलेले पडदे इथल्या वडीलधाऱ्यांनी डोळे भरून पाहिले आहेत. कधी राजवाडा, कधी अरण्य, कधी शहरातला रस्ता. मराठी चित्रपटाचे पोस्टर जन्माला आले ते याच पडद्याच्या कुळात.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे नात्याने भाऊ. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविण्यात त्यांचा हातखंडा होता. इतका, की पुढे 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. चित्रपट काढण्याचे स्वप्न मुळात दोघांचे. पण १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी ते एकट्याच्या खांद्यावर घेतले, १९१७ च्या अखेरीस महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, सहकाऱ्यांच्या मदतीने कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच तयार केला. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही पुढे 'प्रभात' गाजविणारी मंडळी याच कार्यशाळेत घडली.

बाबूरावांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टर्समध्ये सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. पोस्टर ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती राबविणारा हात कुठे तयार झाला होता? नाटकाचा पडदा दिव्यांच्या मंद उजेडात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही उमगावा लागतो. तिथे बारीक कलाकुसर वाया जाते. आकार मोठे, रंग ठसठशीत, छाया-प्रकाश स्पष्ट लागतात. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला भिंतीवरचे चित्र दाखवायचे तर नेमके हेच लागते. बाबूरावांना हे वेगळे शिकावे लागले नसणार, असे माझे मत आहे.

छपाईचे दुसरे घराणे राजा रविवर्म्याचे. त्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापाच्या तंत्रात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा लागे. मूळ चित्र चित्रकाराचे; पण ते रंगारंगांत विभागून पुन्हा उतरविणारा कारागीर छापखान्यातला. त्याचे नाव कुणी विचारले नाही. आणि चित्रकाराचे तरी कितीदा विचारले?

ज्यांची नावे टिकली, त्यांत एस. एम. पंडित अग्रगण्य. मूळचे गुलबर्ग्याचे. मुंबईत मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या चित्रपटांची शोकार्डे रंगविता रंगविता त्यांचा हात तयार झाला. 'बरसात'चे (१९४९) पोस्टर त्यांचे. पुराणकथांवरील त्यांची चित्रे दिनदर्शिकांतून घरोघर पोहोचली. देवघराशेजारी टांगलेले चित्र आणि सिनेमाचे पोस्टर एकाच कुंचल्याचे असू शकते, हे किती घरांना माहीत होते? पुढच्या पिढीत दिवाकर करकरे आले. 'दीवार'च्या (१९७५) पोस्टरवरचे सुरीने ओढलेले जाड, खरखरीत रंग त्या संतप्त नायकाला शोभणारेच होते.

परंतु मला थोडे अधिक बोलायचे आहे ते जी. कांबळे यांच्याविषयी. गोपाळ बळवंत कांबळे, कोल्हापूरचे. शांतारामबापूंच्या चित्रपटांसाठी त्यांनी काम केले. १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरावर 'मुघल-ए-आझम'ची जी भव्य चित्रे झळकली, ती त्यांची. आणि सरकारी कार्यालयांत, शाळांत शिवछत्रपतींचे जे शासनमान्य चित्र आपण पाहतो, तेही याच कांबळ्यांचे. त्या चित्रापुढे रोज हात जोडणाऱ्यांना चित्रकाराचे नाव विचारून पाहा. सिनेमाचे बॅनर रंगविणारा म्हणजे दुय्यम, असे मानणाऱ्या कलासमीक्षकांनाही हा प्रश्न विचारावा म्हणतो.

मुंबईत छापलेली पोस्टर्स वितरकांमार्फत गावोगाव जात. आपला भाग चित्रपट-व्यवसायाच्या भाषेत 'सी. पी. बेरार'. मध्य प्रांताचे ते नाव राज्यकारभारातून गेले, सिनेमाच्या धंद्यात मात्र रुळून राहिले. छापील पोस्टर तीस बाय चाळीस इंचांचे. चित्रपटगृहाच्या दर्शनी भागावरचा मोठा बॅनर मात्र हाताने रंगवीत. छायाचित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच मोठे चौकोन कापडावर पाडायचे आणि चेहरा उभा करायचा. चित्रपट उतरला की त्याच कापडावर पांढरा हात फिरे आणि नवा नायक चढे. म्हणून ही कला उरली नाही. खळ लावून चिकटविलेले पोस्टर पहिल्या पावसात गळे. बॅनर चित्रकार स्वतःच पुसत असे. गेल्या शतकाच्या अखेरीस संगणकावरचे फ्लेक्स आले आणि पुसायलाही काही उरले नाही.

महानगरांतल्या लिलावांत आता जुन्या पोस्टर्सना मोल आले आहे. येवो. पुण्यातले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांबरोबर पोस्टर्स, पुस्तिकाही जमवीत आले आहे. पण झाडीपट्टीच्या पडद्यांसाठी आणि नाटकांच्या पोस्टर्ससाठी असे कोण आहे? ते काम इथल्याच माणसांना करावे लागेल, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. कुणाच्या माळ्यावर जुना पडदा असेल, कुणाच्या पेटीत जुन्या टॉकीजचे पोस्टर असेल, तर त्याचे छायाचित्र घ्या. रंगविणारा हयात असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा. त्याचे नाव, गाव आणि साल मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहा. शाई पुढे झिरपते. आणि पोस्टरची घडी घालू नका, सैल गुंडाळी करून ठेवा. कागद आधी घडीवरच फाटतो.