घोरण्याची लाज आणि माझे यंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझी जागा मागे, चहाच्या पातेल्याशी असते. यंदा अध्यक्षीणबाईंनी मला पुढे उभे केले आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या यंत्राबद्दल चार शब्द बोला." मी आधी नाहीच म्हटले. विषय पडला घोरण्याचा! बाईमाणसाने चारचौघींत त्याबद्दल काय बोलायचे? पण याच लाजेपायी माझी पाच वर्षे वाया गेली आणि एकदा तर घरावर मोठा प्रसंग यायचा तो थोडक्यात टळला. म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

प्रथम एक कबुली देते. मंडळाच्या अक्कलकोटच्या आणि पंढरपूरच्या सहलीला मी आले नाही. सासूबाईंना बरे नाही, असे मी दोन्ही वेळा कळवले होते. सासूबाई ठणठणीत होत्या. त्या आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, त्यांची सर्वांसमक्ष क्षमा मागते. खरे कारण असे की, धर्मशाळेच्या एका खोलीत दहाजणी झोपणार आणि माझ्या घोरण्याने कोणाचा डोळा लागणार नाही, याची मला धास्ती होती.

घरात थट्टा चालेच. मुलगा म्हणे, "आई, रात्री मालगाडी गेली." मी हसण्यावारी नेई. दिवसा मात्र अंगात त्राण नसे. सकाळी उठावे तो डोके ठणकलेले, तोंडाला कोरड, आणि रात्रभर जात्यावर दळण दळल्यासारखे अंग आंबलेले. रात्री तीन तीन वेळा लघवीला उठायचे. रक्तदाबाची गोळी चालू असूनही दाब उतरेना. भजनाला बसले की डुलकी येई. "यांची तर समाधी लागली," असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा तुम्ही सगळ्या हसलात आणि मीही हसले. घरी जाऊन रडले, ते कोणाला सांगितले नाही.

झोप पुरत नाही असे समजून मी शेजारच्या आजींच्या झोपेच्या गोळ्या मागून दोन-तीनदा घेतल्या. ही मोठीच चूक होती. अशा गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो आणि त्रास वाढू शकतो, हे मला मागाहून कळले.

२०२३ सालच्या आषाढातली गोष्ट. दुपारी दूध तापत ठेवले आणि तिथेच पाटावर टेकले. केव्हा डोळा लागला ते समजले नाही. दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच वाहू लागला. मुलगी शाळेतून आली, तिला वास आला. तिने आधी कळ बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मग मला हलवले. तिने दिव्याचे बटण दाबले नाही, एवढे शहाणपण तिला शाळेत शिकवले होते म्हणून आज मी तुमच्यापुढे उभी आहे. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नाही.

हे दुसऱ्याच आठवड्यात मला मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मला काही विचारण्याआधी ह्यांनाच विचारले, "घोरता घोरता यांचा श्वास मध्येच थांबतो का?" हे म्हणाले, "थांबतो. मग दचकून मोठा श्वास घेते. मी कैकदा उठून नाकाशी बोट धरून पाहिले आहे." भगिनींनो, अठरा वर्षांच्या संसारात ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली. माझी झोप गेली असे मी म्हणत होते, आणि माझ्या काळजीने ह्यांचीही गेली होती.

मग रात्रभराची तपासणी झाली. डोक्याला तारा, छातीला पट्टे, बोटाला चिमटा. तशा अवस्थेत झोप कसली येणार, असे वाटले होते; पण आली. अहवाल इंग्रजीत होता, डॉक्टरांनी मराठीत समजावला. झोपेत माझा श्वास तासाला ३८ वेळा थांबत किंवा मंदावत होता. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त काळ अडला, तरच तो हिशेबात धरतात. तासाला पाचच्या आत असले तर ठीक, तीसच्या वर गेले तर दुखणे तीव्र समजतात. याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

हे होते कसे? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, श्वास सुरू होतो आणि आपण पुन्हा झोपतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. रात्रभर कोणी दर दीड मिनिटाला हलवून उठवले, तर दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना डुलकी यायचीच! त्यात आळस कुठे आला?

यावर मिळाले ते सीपॅप नावाचे यंत्र. डबा टिफिनएवढा, त्याला नळी, नळीला नाकावर बसवायचा मास्क. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती मिटत नाही, तसेच हे यंत्र खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत सोडते आणि घशाची वाट उघडी ठेवते. यात प्राणवायूची नळकांडी नसते. २०२१ च्या कोरोनाची आठवण ताजी असल्याने आळीत "त्यांना घरी ऑक्सिजन लावलाय" अशी बातमी पसरली आणि दोघीजणी भेटायला शहाळे घेऊन आल्या. शहाळे गोड होते, बातमी खोटी होती.

डॉक्टरांनी एक हकीकत सांगितली. १९८० साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय प्रथम केला. केर ओढण्याच्या यंत्राची मोटर उलटी वापरून त्यांनी रोग्याच्या नाकात हवा सोडली. त्याआधी दुखणे फार वाढले, तर गळ्याला भोक पाडण्यावाचून इलाज नसे. केराच्या यंत्रातून असा उपाय निघाला, हे ऐकून मला त्या यंत्राची भीती थोडी कमी वाटली.

थोडीच हं! पहिल्या रात्री मास्क लावला आणि जीव घुसमटला. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे, तसे झाले. पंधरा मिनिटांत काढून फेकला. मुलगा म्हणाला, "आई, गणपतीची सोंड." सगळे हसले, पण मला मरणाची लाज वाटली. नवऱ्याशेजारी असे ध्यान करून निजायचे? आठवडाभर झटापट केली आणि मग यंत्र कपाटात, साड्यांखाली ठेवून दिले. महिन्याने डॉक्टरांनी विचारले तेव्हा बेधडक सांगितले, "रोज लावते." त्यांनी यंत्रातले एवढेसे कार्ड काढून संगणकाला लावले. त्यात सारा हिशेब! सात रात्री, तोही दीड दीड तास. मला धरणीमाय पोटात घेईल तर बरे असे झाले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, सून घरात आली म्हणजे पहिल्या दिवशी रुळते का? एक महिना द्या, पण रोज द्या."

तेव्हापासून जे केले, ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. दिवसा, अगदी जागेपणी, मास्क लावून बसायचे. मी शेंगा सोलताना अर्धा तास लावू लागले. हात कामात, मन मालिकेत, आणि नाकाला सवय. आठ दिवसांनी दुपारच्या झोपेला, मग रात्री. यंत्राला अशी सोय असते की, सुरुवातीला हवा हळू येते आणि आपण झोपल्यावर हळूहळू वाढते. ती मला ठाऊकच नव्हती.

माझा पहिला मास्क मोठा होता, कडेने वारा सुटून डोळे चुरचुरत. बदलून लहान घेतला. पट्टे करकचून आवळू नयेत, वळ उठतात. माझी चमकी मास्कखाली रुते. आता ती रात्री काढून देव्हाऱ्याजवळच्या वाटीत ठेवते. अंबाडा पट्ट्याखाली टोचतो, म्हणून सैल वेणी घालते. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम असले तर मास्क घसरतो आणि त्याची गादी लवकर खराब होते, म्हणून तोंड धुऊनच झोपते. घसा सुके, त्यासाठी यंत्राला पाण्याची डबी जोडली. तीत शुद्ध केलेले डिस्टिल्ड पाणीच घालायचे आणि रोज बदलायचे. पोटात वारा धरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी दाब थोडा कमी करून दिला. आपल्या मनाने मात्र दाबाला हात लावू नये.

मास्कला समोर बारीक भोके दिसली. मला वाटले, फाटका माल दिला. चिकटपट्टी लावायला निघाले होते! मुलीने थांबवले. आपला सोडलेला श्वास त्याच भोकांतून बाहेर जातो, ती कधीही बुजवू नयेत. सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाने धुते, आठवड्याला नळी धुऊन सावलीत वाळवते. चहाची गाळणी धुतो तसेच हे काम. वीज जाते तेव्हा आमचे यंत्र इन्व्हर्टरवर चालते. पाणी गरम करण्याची कळ तेवढी बंद ठेवली, तर ते पुष्कळ वेळ पुरते.

पैशाचेही सांगते. यंत्राला हजारो रुपये पडतात. आम्ही आधी महिनाभर भाड्याने आणले, माझ्या नाकाला मानवले तेव्हा विकत घेतले. ह्या वर्षी गोठ करायचे होते, ते राहिले. ह्यांनी एकदाही तोंड वाकडे केले नाही.

गुण एका रात्रीत आला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली, तेव्हा उजाडले होते आणि रात्री मी एकदाही उठले नव्हते. डोके हलके होते. ह्यांना विचारले, "झोप लागली का हो?" हे म्हणाले, "इतकी शांतता होती की, मी घाबरून दोनदा उठून पाहिले. तू झोपली होतीस." आता श्वास तासाला तीनदाच अडतो. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. यंत्राने दुखणे मुळातून जात नाही, चष्म्यासारखे ते रोज लावावे लागते. वजन उतरवणे आणि कुशीवर निजणे हेही चालू आहे.

भगिनींनो, घोरणारी प्रत्येक बाई आजारी असते असे नाही. पण घोरण्यात श्वास अडतो, सकाळी डोके दुखते, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो, असे ज्यांचे असेल त्यांनी तपासून घ्यावे. पाळी गेल्यावर बायकांत हे वाढते. आपण मात्र "थकवा आहे, वय झाले" म्हणून सोडून देतो. आणि जिला डुलकी लागते, तिला हसण्याआधी एकदा विचारा, "रात्री झोप होते का ग?" मला कोणी तसे विचारले असते, तर पाच वर्षे वाचली असती. मीही कोणाला विचारले नव्हते, तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही.

यंदा मार्गशीर्षात आपण नरसोबाच्या वाडीला गेलो, तेव्हा मी आले होते. पिशवीत यंत्र होते. खोलीत विजेचे बटण एकच निघाले आणि त्यावर तुम्हा सर्वांचे मोबाईल लागले होते. कोणीतरी ते सगळे काढून म्हणाले, "आधी हिचे लावा." त्या रात्री मी दहाजणींत झोपले. सकाळी तक्रार आली ती एवढीच की, घोरल्या त्या दुसऱ्याच दोघी! त्यांची नावे मी सांगत नाही. मिरजेच्या डॉक्टरांचा पत्ता त्यांना दिला आहे.