निशाणी नांगर



अध्यक्षाने आरंभी आपली अपात्रता कथन करावी आणि मग तासभर बोलावे, असा आपल्या संमेलनांचा शिरस्ता आहे. विनयाचा भाग मी गाळतो. कारण आज मला भांडावयाचे आहे, आणि ज्यांच्याशी भांडावयाचे ते याच मांडवात बसलेले आहेत.

दोन दिवस या व्यासपीठावरून एकच घोष ऐकतो आहे, की जुनी दफ्तरे संगणकावर आली, तेव्हा आता प्रत्येक गावाचा इतिहास घरबसल्या लिहिता येईल. या उत्साहातून सिद्ध झालेली जी ग्रामवृत्ते माझ्या हाती आली, ती बहुतेक ब्रिटिश अधिकारी कॅम्बेल याच्या गॅझेटियरची भाषांतरे निघाली. १८८५ साली छापलेला साताऱ्याचा खंड आज पडद्यावर क्षणात उघडतो, हवा तो शब्द त्यात सापडतो, आणि ग्रंथही परिश्रमाने रचलेला आहे. परंतु राज्यकारभाराच्या सोयीसाठी साहेबाने जे गाव पाहिले, तेच आपल्या आजोबांचे गाव म्हणून छापून मोकळे होणे, यास संशोधन म्हणत नाहीत, नक्कल म्हणतात.

छापील इंग्रजी यंत्रास वाचता येते, म्हणून तीच आधी पडद्यावर येते. आपले जुने कागद ज्या लिपीत आहेत, त्या मोडीचे तसे नाही. शब्दांमध्ये जागा न सोडता आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद न मानता बोरू धावलेला; त्या हस्ताक्षरापुढे शोधाची चौकट मुकी होते. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीस स्थान मिळाले खरे, पण त्यामुळे तिचे वर्ण टंकित करता आले. पेशवे दफ्तराच्या रुमालातील, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातील, कारकुनाचा हात त्यामुळे वाचला जात नाही. तुम्ही १७५७ हा आकडा घालून शोधता, आणि कागदावर लिहिलेले असते ‘सन समान खमसैन मया अलफ’, म्हणजे अरबी संख्याशब्दांत शुहूर सन ११५८, तेच वर्ष. तुम्ही खडकी शोधता, आणि इंग्रजी यादीत ती ‘किर्की’ होऊन बसलेली असते. मग ‘आमच्या गावाचे काही उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष काढून तुम्ही पुन्हा कॅम्बेलकडे वळता!

एखादा महजर, म्हणजे गोतसभेचे निवाडापत्र, उघडून पाहा. वतनाचा तंटा, गोताची सभा, आणि शेवटी साक्षी. ज्यास अक्षर येत नाही तो पाटील नावापुढे नांगर काढतो, न्हावी आरसा काढतो; निशाणी नांगर, निशाणी आरसा. गावगाड्याचा इतिहास त्या चार रेघांत जिवंत आहे, आणि कागदाचे छायाचित्र कितीही स्वच्छ असले, तरी त्याखाली ‘मराठी कागद, एक’ एवढीच नोंद असेल, तर तो नांगर पुन्हा जमिनीखाली गेला असेच समजावे.

दुसरे भांडण कपाटांच्या मालकांशी. घराण्याचे रुमाल वतनासारखे सांभाळणारे आणि जिज्ञासूस दारातून परत पाठविणारे गृहस्थ ‘कागद बाहेर गेले तर चोरीस जातील’ असे सांगतात. वाळवीची चोरी त्यांस दिसत नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून कागद मिळविले आणि १८९८ साली त्यांचा पहिला खंड छापला. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले. त्यांच्या पायांतील भोवऱ्याची जागा आपल्या बोटाखालच्या कळीने घेतली, यात वाईट काही नाही. पण त्यांची वाचण्याची दृष्टी कळ दाबून येत नाही.

तेव्हा माझी मागणी भव्य नाही. प्रत्येकाने मोडी शिकावी, आणि आपल्या परगण्याचे दहा कागद घेऊन त्यांची मराठीत नोंद करावी: मौजे, तर्फ, कसबा, सन, विषय, माणसे आणि निशाण्यासुद्धा. ती नोंद चित्रासोबत खुली ठेवावी, म्हणजे पुढचा माणूस गावाच्या नावाने शोधेल तेव्हा गावच त्यास भेटेल. हे काम मुंबई-दिल्लीचा अधिकारी करू शकणार नाही. कारण कागदावरचा ‘मळा’ कोणता आणि ‘ओढा’ कुठला, हे तुम्हांसच ठाऊक आहे.

ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनी नांगर काढून साक्ष दिली. आपण साक्षर, आपली जागा मात्र साक्षींच्या यादीत अजून कोरी आहे.